वाई नीट बघायची तर: दीड दिवस, पायी, आळीआळीने

वाईला मी पहिल्यांदा गेलो ते एप्रिलमध्ये, भर दुपारी बारा वाजता, महाबळेश्वरला जाता जाता "चला, गणपती करून घेऊ" म्हणून. गाडी लावली, चपला काढल्या, नदीच्या घाटाच्या काळ्या दगडावर पाय ठेवला तर तापलेला तवा! मग उड्या मारत दर्शन, उड्या मारत परत, एक सेल्फी, आणि पंधरा मिनिटांत आमची वाई संपली. पुढे एका वाड्यापाशी गेलो तर दाराला कुलूप. घरी आल्यावर फोटो बघितले तेव्हा कळलं की देवळाची मागची बाजू, जी खरी बघायची गोष्ट आहे, ती आपण बघितलीच नाही. त्यानंतर चार-पाच वेळा जाऊन हळूहळू एक क्रम बसलाय तो इथे लिहितोय. गाडीतून वाई दिसत नाही एवढं मात्र पक्कं.

आधी दिवस ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार असतात, फोटो भारी येतात, पण घाटाच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि वर धोम धरण असल्यामुळे पाणी सोडलं की खालच्या पायऱ्या गायब. पुराच्या वर्षी तर पाणी थेट ढोल्या गणपतीच्या, म्हणजे वाईच्या त्या मोठ्या गणपतीच्या, देवळात शिरतं. संकष्टी, गणेशोत्सव आणि सलग सुट्ट्या टाळा, महाबळेश्वरची सगळी गर्दी वाईतूनच जाते.

अपवाद एकच, कृष्णामाईचा, म्हणजे इथल्या कृष्णा नदीचा, उत्सव. माघ-फाल्गुनात एकेका घाटावर पाळीपाळीने मांडव पडतो, कृष्णाबाईची स्थापना होते, भजन-कीर्तन, प्रसाद, सगळी आळी राबत असते. घाट कशासाठी बांधले ते तेव्हा दिसतं, एरवी आपल्याला नुसता दगड दिसतो. तारखा तिथीवर असतात आणि घाटागणिक वेगळ्या, त्यामुळे निघायच्या आधी वाईतल्या कुणाला तरी फोन करून विचारा. जवळच्या बावधन गावचं बगाड (नवसाच्या माणसाला गाड्यावरच्या उंच शिडाला बांधून मिरवतात ती जत्रा) रंगपंचमीला असतं, तेही बघण्यासारखं आहे पण त्या गर्दीत देवळं-बिवळं बघायचं विसरा, त्याच्यासाठी वेगळी ट्रिप.

मुक्काम वाईतच करा, पाचगणीत नको. पाचगणी फक्त १२-१३ किलोमीटर आहे, हॉटेलंही तिथे जास्त, पण सकाळी साडेसहाला घाटावर असायचं तर पसरणीचा घाट उतरून कोण येणार? (पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचं गाव, वळणं मोजता मोजता एवढं लक्षात ठेवा.)

पुण्याहून साधारण ९० किलोमीटर, हायवेवरून सुरूर फाट्याला आत वळायचं. साताऱ्याहून ३५ च्या आसपास. एसटीने येणार असाल तर स्वारगेटवरून महाबळेश्वरची गाडी वाईवरूनच जाते, स्टँडवर उतरलं की नदी चालत जाण्याएवढी जवळ.

पिशवीत काय घ्यायचं

जाड सुती मोजे. हे पहिलं लिहितोय कारण मला अद्दल घडलीय. देवळाच्या आवारात चपला चालत नाहीत पण मोज्यांना बहुतेक ठिकाणी कुणी हरकत घेत नाही, तरी विचारून घ्या. छोटी दुर्बीण असेल तर उत्तम, शिखरावरच्या कोनाड्यातल्या मूर्ती खालून नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. टॉर्च. पाणी. आणि सुट्टे पैसे.

निघण्याआधी पाच मिनिटं इतिहास, नाहीतर सगळी देवळं सारखीच वाटतात

वाई जुनी आहे, महाभारतातली विराटनगरी हीच असं लोक मानतात, आदिलशाहीत हा सुभा अफझलखानाकडे होता आणि १६५९ मध्ये प्रतापगडाकडे निघण्याआधी त्याचा तळ इथेच होता. पण आज आपण जी वाई बघतो ती बरीचशी रास्त्यांची. रास्ते म्हणजे पेशव्यांचे सावकार-सरदार, आणि व्याही सुद्धा, नानासाहेब पेशव्यांची बायको गोपिकाबाई ही रास्त्यांची लेक. पैसा होता, दरबारात वजन होतं, नदीकाठ होता. १७५० नंतरच्या दोन-तीन दशकांत त्यांनी इथे देवळं आणि घाट बांधायचा धडाकाच लावला. म्हणून वाईत फिरताना प्रत्येक देवळापाशी "हे रास्त्यांचं का?" एवढा एकच प्रश्न विचारला तरी निम्मं कोडं सुटतं.

पहिला दिवस, दुपारी तीन: गावातून सुरुवात

घाटावर लगेच जायचं नाही, ऊन असतं. आधी गावात शिरा. गंगापुरीत मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. हो, तोच वीस खंडांचा विश्वकोश, पहिला खंड १९७६ चा आणि विसावा २०१५ चा, आणि त्याचं काम मुंबई-पुण्यात नाही तर ह्या तालुक्याच्या गावात चाललं, कारण त्याचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईचे. ते इथल्या प्राज्ञपाठशाळेत घडले. ती पाठशाळा १९१६ साली नारायणशास्त्री मराठ्यांनी, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, उभी केली आणि विनोबा भावे सुद्धा इथे त्यांच्याकडे शिकायला येऊन राहिले होते. बघायला म्हणाल तर ह्या साध्या इमारती आहेत, पण मला विचाराल तर वाईचा अर्धा वारसा हाच.

मग गल्ल्यांमधून जुने वाडे बघत नदीकडे सरका. वाडा बघायची एक रीत आहे. आधी दरवाजा बघायचा, मोठ्या दाराच्या पोटात छोटा दिंडी दरवाजा आहे का, मग आत डोकावून चौक दिसतो का, मग खांब. पेशवाईतले लाकडी खांब बुंध्याला फुगीर आणि वर निमुळते होत जातात, सुरूच्या झाडासारखे, आणि वरच्या कमानीला कोरलेलं केळफूल लोंबतं. एकदा नजर बसली की सिमेंटचा मजला चढवलेल्या घरातही खालचा जुना खांब ओळखता येतो. लोक राहतात तिथे, तेव्हा दारात उभं राहून "काका, चौक बघू का जरा?" असं विचारायचं. मला आजवर एकदाच नाही म्हणाले आणि दोनदा चहा मिळाला.

संध्याकाळी पाच: सात घाट

वाईच्या आळ्या आणि घाट यांची नावं एकच: भीमकुंड, धर्मपुरी, गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी, ब्राह्मणशाही, रामडोह. सगळे नदीकाठाने ओळीत नाहीत असं वाटेल, मध्ये रस्ता सोडून आत जावं लागतं, पण नदी एका हाताला ठेवून चालत राहिलात तर चुकत नाही. हा पहिला फेरा फक्त चालण्याचा. फोटो कमी काढा. कुठला घाट कुठे संपतो ते बघा, छोट्या छोट्या घुमट्या बघा, खालच्या पायऱ्यांच्या कडा पाण्याने आणि कपडे आपटून आपटून कशा गोल झाल्यात ते बघा. एखादे आजोबा बसलेले असतातच, त्यांच्याशेजारी बसा आणि पूर कुठपर्यंत आला होता ते विचारा, हात वर करून खूण दाखवतात आणि मग तासभर सुटका नाही.

एक सूचना: वाईत सिनेमा-सिरियलींचं शूटिंग सतत चालू असतं. एखादा घाट अडवलेला दिसला किंवा देवळाला भलताच रंग, खोटी कमान वगैरे दिसली तर ते सेट असू शकतं, इतिहास समजून फोटो टाकू नका. माझा एक मित्र फसलाय.

दुसरा दिवस, सकाळी साडेसहा: ढोल्या गणपती, पण मागून

आता खरं काम. गणपती आळीच्या घाटावर या आणि देवळात शिरण्याआधी देवळाला वळसा घालून नदीच्या बाजूने मागची भिंत बघा. ती सरळ नाहीये. माशासारखा आकार आहे, दोन्ही बाजू तिरक्या येऊन मध्ये टोक. पुराचं पाणी सपाट भिंतीवर आदळलं तर सगळा जोर भिंतीवर येतो, टोकावर आदळलं की दोन्हीकडे फाटून निघून जातं, होडीचं नाक पाणी कापतं तसंच. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी हे देऊळ बांधलं आणि तेव्हापासून किती पूर येऊन गेले, भिंत उभीच आहे. गाभाऱ्यातल्या मूर्तीपेक्षा मी ह्या भिंतीपाशी जास्त वेळ घालवतो, देवा माफ कर.

मग आत. मूर्ती एकाच अखंड दगडातली आणि इतकी अवाढव्य की ढोल्या हे नाव आपोआप पडलं असणार.

शेजारीच काशीविश्वेश्वर, १७५७ चा, आनंदराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेला. इथे घाई नको. भोवती दगडी प्राकार, म्हणजे आवाराची भिंत, आत दोन दीपमाळा, आणि नंदी. नंदी इतका घोटलेला आहे की दगड नाही, धातू वाटावा. बघायची युक्ती अशी की सूर्य डोक्यावर यायच्या आत जायचं, तिरप्या उन्हात कोरीव काम उठून दिसतं, बारा वाजता तेच सपाट होतं. नंदीच्या बाजूला उकिडवे बसा, त्याच्या डोळ्याच्या पातळीला या, आणि गळ्यातल्या माळा, घंटा, पाठीवरची झूल असं एकेक करून बघत मागे जा. फोटो काढायचा तर फ्लॅश बंद, घोटलेल्या दगडावर पांढरा डाग येतो नुसता.

त्यानंतर मान वर. खालचं देऊळ दगडाचं पण शिखर वीट-चुन्याचं, मराठा काळातल्या देवळांची ही ओळखच आहे. शिखरावर कोनाडे, कोनाड्यात चुन्याच्या छोट्या मूर्ती. दुर्बीण इथे काढायची. आपल्याकडे एकूणच जुन्या देवळांना ऑइलपेंट फासायची जी हौस आलीय तिने ह्या मूर्तींची नाकं-डोळी बुजून जातात, तेव्हा एखादी मूर्ती कळली नाही तर दोष तुमचा नाही.

वेळ असेल तर महालक्ष्मी आणि विष्णूचं देऊळ, दोन्ही चालत. नसेल तर सोडा, नाश्ता महत्त्वाचा.

नऊ-साडेनऊ: मेणवली

वाईपासून ३ किलोमीटर. रिक्षा मिळते, चालतही जाता येतं, रस्ता छान आहे. मेणवली म्हणजे नाना फडणवीस (१७४२ ते १८००), साडेतीन शहाण्यांतले अर्धे, अर्धे अशासाठी की डोकं पूर्ण पण तलवार नाही. त्यांचा वाडा, वाड्यामागे घाट, घाटावर मेणेश्वर आणि विष्णूचं देऊळ, असा पूर्ण संच एका जागी शिल्लक असलेली ठिकाणं महाराष्ट्रात फार नाहीत. पेशवाईवरच्या पुस्तकांत "मेणवली दप्तर" असा उल्लेख वाचला असेल, ते नानांच्या कागदपत्रांचं दप्तर ह्याच गावच्या नावाने ओळखलं जातं.

वाडा खाजगी मालकीचा आहे हे लक्षात ठेवा. आदल्या दिवशी चौकशी करून जा, कुठल्या खोल्या उघडतील आणि फोटो चालतील का हे दारातच विचारा, आणि नाही म्हटलं तर नाही. आत चौकामागून चौक लागतात, त्यामुळे कुठून आलो ते विसरायला होतं. पण जायचं ते भित्तिचित्रांसाठी. जुनी चित्रं म्हटलं की लोकांना अजिंठा आठवतो, पण अडीचशे वर्षांपूर्वी घराच्या भिंतीवर लोकांनी काय रंगवून घेतलं ते इथे दिसतं. कशी बघायची सांगतो. आधी दोन मिनिटं काहीच न करता उभं राहा, बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळ्यांना अंधार सवयीचा व्हायला लागतो. मग देव कोणता हे शोधण्याआधी कपडे बघा. पगडी कशी बांधलीय, लुगडं कसं नेसलंय, नाकात काय, हातात काय, देवांच्या अंगावर त्या काळचेच कपडे-दागिने आहेत का. मग चौकटीच्या कडेची वेलबुट्टी. टॉर्च मारायचाच झाला तर भिंतीवर थेट न मारता बाजूला मारा, परतून आलेला उजेड पुरतो. हात लावायचा नाही, अगदी बोट सुद्धा, हाताच्या घामाने आणि तेलाने चुन्यावरचा रंग सुटतो, आणि दारापाशी खांद्याच्या उंचीपर्यंतची चित्रं सगळीकडे आधी का जातात ह्याचं उत्तर हेच आहे, येणारा-जाणारा टेकतो.

वाईजवळच रास्त्यांचा मोतीबाग वाडाही भित्तिचित्रांसाठी नावाजलेला, पण तिथे सहज आत जाता येईल असं धरून चालू नका.

वाड्यामागून घाटावर उतरा. घाट चंद्रकोरीसारखा वळलेला आहे, पायऱ्यांवर मधोमध उभं राहिलं की दोन्ही टोकं आपल्याकडे वळल्यासारखी वाटतात. आणि मेणेश्वराजवळच्या छोट्या मंडपात ती घंटा. भली मोठी, आणि नीट बघितलं तर घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल. महादेवाच्या दारात मेरी कशी आली? १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून आणल्या गेल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत लागल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली १७२१ ची घंटा त्यातलीच. घंटेला वळसा घालून बघा, समोरून जे दिसतं तेवढ्यावर थांबू नका, अक्षरं आणि चित्रं फिरत फिरत सापडतात. वाजवायचा मोह आवरा.

धोम, जेवणाआधी की नंतर

आधीच. वाईपासून ८-९ किलोमीटर, धरणाच्या पायथ्याला. धौम्य ऋषींवरून नाव पडलं म्हणतात. इथलं नरसिंहाचं देऊळ बघाच पण समोरचा नंदी सोडू नका. कमळाच्या आकाराचं दगडी कुंड, त्यात कासव, कासवाच्या पाठीवर मंडप, मंडपात नंदी. पाणी भरलेलं असलं की कासव पोहतंय आणि नंदी त्याच्यावर बसून चाललाय असं दिसतं, पाणी नसेल तर पाकळ्यांचं कोरीव काम तळापर्यंत दिसतं, म्हणजे कधीही गेलात तरी काहीतरी हाताला लागतंच. फोटो कुंडाच्या काठावरून, जितका खाली वाकून काढता येईल तितका.

जेवण वाईत परतून. पिठलं-भाकरी मिळेल तिथे बसा. हळद घ्यायची तर बाजारातून घ्या.

दुपारनंतर: किकली, किंवा लोहाऱ्याची लेणी, दोन्ही नाही

दोन्ही करायला गेलात तर काहीच होत नाही. लोहाऱ्याला पालपेश्वराची बौद्ध लेणी आहेत, वाईपासून जवळ, शांत, चढ थोडा. ज्यांना लेणी आवडतात त्यांनी तिकडे जावं. माझं मत किकलीला.

किकली भुईंजच्या बाजूला, चंदन-वंदन किल्ल्यांच्या पायथ्याशी. इथलं भैरवनाथाचं देऊळ यादवकाळातलं मानतात, आतले कोरीव खांब सुंदर आहेत, पण आवारातले वीरगळ बघायला मी परत परत जातो. वीरगळ म्हणजे लढाईत मेलेल्या माणसाचा दगड. आणि तो वाचता येतो, फक्त खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत माणूस मेलेला असतो, गाई कोरलेल्या असतील तर बहुधा गुरं पळवणाऱ्यांशी लढताना मेला. त्यावर लढाई, ढाल-तलवारी, कधी घोडे. त्याच्या वर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतायत. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे बसलाय, म्हणजे कैलासाला पोचला. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत ह्याची आठवण राहील. आडवा कोपरात वाकलेला हात आणि बांगडी कोरलेली दिसली तर तो सतीचा दगड.

एकदा हे जमलं की पंचाईत होते, कुठल्याही खेड्यात मारुतीच्या पाराला टेकवलेला दगड दिसला की गाडी थांबवावी लागते, घरचे वैतागतात. फोटो काढताना दगडावर पाणी, खडू, तेल काही टाकू नका, मोबाईलचा टॉर्च बाजूने धरा, सावल्या पडल्या की चौकटी सुटसुटीत दिसतात. नाव-गाव कोरलेलं क्वचितच असतं, त्यामुळे कोण होता हे कळत नाही, फक्त कसा गेला ते कळतं.

साताऱ्याकडून परतणार असाल तर

हायवेवरून लिंबकडे वळा, बारा मोटेची विहीर. वीरूबाई भोसल्यांनी शके १६४१ ते १६४६ मध्ये, म्हणजे १७१९ ते १७२४, बांधलेली, विहिरीच्या पोटात चक्क छोटा महाल आहे आणि दगडात हत्तींवर चाल करणारे सिंह आणि शरभ (सिंहासारखा काल्पनिक प्राणी). उजेड असेपर्यंत पोचा, पायऱ्या उतरायच्या आहेत आणि मुलांचा हात धरा. आत शिरण्याआधी तिथला शिलालेख वाचायला विसरू नका, मोडी नाहीये, देवनागरी आहे, जरा वेळ दिला तर लागतो.